साय, मलई आणि क्रीम

इंग्रजी-मराठी कोशात 'क्रीम' ह्या शब्दापुढे 'साय' असा अर्थ सापडतो. हिंदी कोशातील 'मलाई' पाहावी तर तिच्यापुढेही साय हाच अर्थ दिलेला असतो. बोलण्याच्या व्यवहारात ही सरमिसळ खपून जाते. चुलीपाशी मात्र ती खपत नाही. परदेशी पद्धतीच्या पाककृतीत 'क्रीम घुसळून फुलवून घ्या' असे लिहिलेले असते. गृहिणी विश्वासाने घरची साय घुसळू लागते आणि थोड्या वेळाने वाटीत फेस नाही, तर सायीच्या गाठी आणि लोण्याचे कण दिसू लागतात. उलट, हलवायाच्या रबडीसारखे पापुद्रे यावेत म्हणून कोणी डब्यातले क्रीम आटत्या दुधात ओतते. दूध दाट होते, पण पापुद्रा एकही येत नाही. अशा वेळी दोष हाताला दिला जातो. खरे पाहता तो दोष हाताचा नसतो, शब्दाचा असतो. तीन निराळ्या वस्तूंना आपण एकच नाव दिलेले असते. ह्या तीन वस्तू कोणत्या, त्या कशा तयार होतात, आणि कोणत्या पदार्थात कोणती वापरावी, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

ह्या विषयासाठी मी झाशी शहर निवडले आहे, त्याला कारण आहे. नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेमुळे ज्यांचे नाव महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे, त्या नारो शंकरांकडे १७४२ साली पेशव्यांनी झाशीची सुभेदारी सोपविली. पुढे नेवाळकरांची कारकीर्द झाली, आणि त्या काळापासून दक्षिणेतील मराठी कुटुंबे बुंदेलखंडाच्या ह्या शहरात राहू लागली. मानिक चौक ही तेथील जुन्या शहराची गजबजलेली पेठ. आपण तिला माणिक चौक म्हणू, तेथील माणूस मानिक म्हणेल; रत्न एकच, उच्चार दोन. दुधाच्या बाबतीत मात्र असे होत नाही. झाशीतल्या मराठी घरात शिंक्यावर किंवा फडताळात जी असते ती साय, पेठेतील हलवायाच्या कढईत जी जमते ती मलाई, आणि किराणा दुकानाच्या शीतपेटीतून चौकोनी खोक्यात जे येते ते क्रीम. एकाच सकाळी हे तीनही शब्द त्या घरातून वावरतात, आणि प्रत्येकामागे वस्तू वेगळी असते. पुण्या-मुंबईच्या घरात जो भेद सहज लक्षात येत नाही, तो दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या घरात उघड दिसतो.

प्रथम दुधाकडे पाहू. दूध हे मुख्यत्वे पाणी. त्यात साखर, क्षार आणि प्रथिने आहेत, आणि स्निग्धांश अतिसूक्ष्म गोलकांच्या रूपाने तरंगत असतो. गाईच्या दुधात हा स्निग्धांश साधारणतः साडेतीन ते साडेचार टक्के असतो, म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के आणि प्रसंगी त्याहून अधिक. ह्या दुधातून स्निग्धांश वर आणण्याचे दोन मार्ग आहेत. एक मार्ग वजनाचा, दुसरा अग्नीचा. क्रीम पहिल्या मार्गाने येते. साय आणि मलई दुसऱ्या मार्गाने.

वजनाचा मार्ग सोपा आहे. स्निग्धांश पाण्यापेक्षा हलका, म्हणून कच्चे दूध न हलविता थंड जागी ठेवले तर त्याचे गोलक हळूहळू वर चढतात आणि दुधावर एक दाट थर जमतो. हेच क्रीम. युरोपातील थंड हवेत शतकानुशतके ते असेच पसरट भांड्यांतून वरचेवर काढून घेत. १८७८ साली गुस्ताफ द लाव्हाल ह्या स्वीडिश अभियंत्याने अखंड चालणारे विभाजक यंत्र तयार केले. ह्या यंत्रात दूध अतिशय वेगाने फिरते. जड दूध कडेला फेकले जाते, हलका स्निग्धांश मध्याकडे राहतो, आणि दोन तोट्यांतून दोन पदार्थ बाहेर पडतात. दूधसंघांच्या मोठ्या कारखान्यांत आजही काम चालते ते ह्याच तत्त्वावर. लक्षात ठेवावयाची गोष्ट अशी की, क्रीम वेगळे निघते ते वजनाच्या जोरावर; त्यासाठी दूध उकळावे लागत नाही. त्यात प्रथिनांचा पापुद्रा नसतो. तो एकजीव, ओतता येण्याजोगा द्रव असतो.

आपल्याकडे मात्र दूध कच्चे ठेवून क्रीम वर येण्याची वाट पाहणे शक्य नव्हते. झाशीत उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. तेथे कच्चे दूध क्रीम देण्याआधी नासून जाईल. म्हणून दूध घरात आले की प्रथम तापविणे हा आपला नियम झाला, आणि ह्या नियमातून साय जन्मली. दूध तापले म्हणजे त्यातील काही प्रथिने आपले मूळ रूप सोडून एकमेकांत गुंतू लागतात. पृष्ठभागावरचे पाणी वाफ होऊन जाते, तेथे ही प्रथिने दाटतात आणि त्यांचे एक तलम जाळे विणले जाते. वर चढणारे स्निग्धांशाचे गोलक ह्या जाळ्यात अडकतात. दूध निवू लागले म्हणजे जाळे घट्ट होते आणि त्याखाली आणखी स्निग्धांश जमतो. सुश्रुतसंहितेत दुधाच्या पदार्थांचे वर्णन करताना सायीला संतानिका म्हटले आहे. त्या शब्दाच्या मुळाशी 'तन्' म्हणजे ताणणे, पसरणे हा धातू आहे, आणि कोळ्याच्या जाळ्यालाही संस्कृतात हेच नाव आहे. सूक्ष्मदर्शक यंत्र नसतानाही नाव ठेवणाऱ्याने साय म्हणजे पसरलेले जाळे होय हे नेमके टिपले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्यावरून पहिले कोडे सुटते. साय घुसळून फुलत नाही, कारण ती द्रव नसून वस्त्र आहे. वस्त्राला फेस कसा येणार? घुसळले की ते फाटते, त्यात अडकलेला स्निग्धांश मोकळा होऊन लोण्याचे कण बनतो आणि प्रथिनांच्या चिंध्या तेवढ्या उरतात.

आता हलवायाची मलई. मानिक चौकासारख्या जुन्या पेठेत हलवायाच्या दुकानापुढे क्षणभर उभे राहिले तर तिची रीत डोळ्यांनी पाहता येते. कढई रुंद आणि उथळ असते. आच मंद असते. दूध उसळत नाही, नुसते थरथरते. वर पापुद्रा धरला की हलवाई तो काडीने किंवा उलथन्याने अलगद कडेला सारतो आणि कढईच्या भिंतीवर चिकटवितो. पुन्हा पापुद्रा धरतो, पुन्हा तो कडेला जातो. घरात साय आपोआप येते, दिवसातून एकदा. हलवाई मात्र एकाच दुधातून ती पुनःपुन्हा उपजवितो. साय घडते, मलई घडवावी लागते, आणि क्रीम वेगळे काढतात, असे तीन शब्दांत सांगता येईल.

ही मलई कळली म्हणजे रबडी, बासुंदी आणि खवा ह्यांतील फरक आपोआप समजतो. दूध तेच, अग्नी तोच. फरक आहे तो हाताच्या हालचालीचा. रबडीत हात पापुद्रा मोडत नाही, तो जपून बाजूला ठेवतो. दूध आटून बरेच दाट झाले म्हणजे कडेचे पापुद्रे खरवडून त्यात सोडतात, साखर घालतात आणि फारसे ढवळत नाहीत. म्हणून रबडीत लच्छे राहतात. बासुंदीत हात सतत फिरत असतो. पापुद्रा धरू लागला की तो दुधात मोडून मिळवावयाचा, कडेची साय वरचेवर खरवडून आत घ्यावयाची, आणि दूध निम्म्यापर्यंत आटले की साखर, वेलदोडा, जायफळ, चारोळी घालून उतरावयाचे. म्हणून बासुंदी एकजीव, रवाळ आणि ओघळती असते. खव्यात हात क्षणभरही थांबत नाही आणि पाणी जवळजवळ सर्व निघून जाते. झाशीच्या मराठी घरात सणाला बासुंदी आणि शेजारच्या बुंदेली घरात रबडी होते, तेव्हा दोन्ही घरी दूध एकाच गवळ्याचे असते. साखर मात्र दोन्हीकडे शेवटी घालावी. ती आरंभी घातली तर दुधाचा रंग काळवंडतो आणि बुडाला लागण्याचे भय वाढते.

घरी जाड साय यावी अशी इच्छा असेल तर तीन गोष्टी पाळाव्यात. भांडे पसरट तोंडाचे घ्यावे. दूध उकळल्यावर ते लगेच न उतरविता अगदी मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटे राहू द्यावे. आणि नंतर त्यावर घट्ट झाकण न घालता जाळी ठेवावी. घट्ट झाकणाखाली वाफ कोंडते, तिचे थेंब दुधावर पडतात आणि जाळे नीट विणले जात नाही. दूध पूर्ण निवेपर्यंत हलवू नये. मग ते शीतकपाटात ठेवावे आणि साय दुसऱ्या दिवशी सकाळी काढावी.

पुष्कळ गृहिणींची तक्रार असते की, पूर्वीसारखी साय आता येत नाही. त्याची कारणे दोन. पिशवीतील दूध अनेक प्रकारचे असते आणि प्रत्येकातील स्निग्धांश ठरलेला असतो. संपूर्ण मलईच्या, म्हणजे 'फुल क्रीम' दुधात तो किमान ६ टक्के, प्रमाणित दुधात साडेचार, टोन्ड दुधात ३ आणि डबल टोन्डमध्ये दीड टक्का. दीड टक्क्याच्या दुधाकडून जाड सायीची अपेक्षा करणे अन्यायाचे होय. दुसरे कारण असे की, पुष्कळ पिशवीबंद दूध बारीक छिद्रांतून मोठ्या दाबाने दाबून काढलेले असते. त्यामुळे स्निग्धांशाचे गोलक फुटून इतके लहान होतात की ते वर चढतच नाहीत, दुधात सर्वत्र सारखे विखुरलेले राहतात. असे दूध तापविले तर प्रथिनांचा पातळ पापुद्रा येतो, पण त्यात अडकावयास स्निग्धांश पुरेसा वर आलेला नसतो. दूध वाईट असते असे नाही. तो स्निग्धांश दुधातच असतो आणि पिणाऱ्याला मिळतो. पण ज्या घरात सायीवर तुपाचा हिशेब बसविलेला आहे, त्या घराने 'होमोजिनाइज्ड' असे लिहिलेली पिशवी टाळावी, हे बरे.

ह्या हिशेबाकडेच आता वळू. कारण मराठी स्वयंपाकघरात सायीचा सर्वांत मोठा उपयोग पानात नाही, बरणीत आहे. रोजची साय एका भांड्यात साठवावयाची, तीत चमचाभर दही घालावयाचे, आणि पाच-सहा दिवसांनी ती घुसळून लोणी काढावयाचे, ही आपल्या घरांतली नित्याची रीत. साठविलेल्या सायीत दही का घालावे? कारण विरजणाने आलेला आंबटपणा सायीला उग्र वास येऊ देत नाही, शिवाय विरजणातील सूक्ष्म जीव एक सुगंधी द्रव्य निर्माण करतात, आणि घरच्या तुपाचा जो वास आपण ओळखतो त्यात त्याचा मोठा वाटा असतो. नुसत्या क्रीममधून थेट कढविलेले तूपही शुद्धच असते. पण ह्या आंबवण्याअभावी त्याचा स्वाद वेगळा लागतो.

साय घुसळताना ऋतू पाहावा लागतो, आणि झाशीसारख्या टोकाच्या हवेत तर फारच. उन्हाळ्यात साय कोमट असेल तर स्निग्धांश मऊ पडतो आणि लोणी गोळा न होता पसरते; म्हणून घुसळताना बर्फाचे पाणी घालावे. थंडीत तो इतका कठीण होतो की कण एकमेकांना चिकटत नाहीत. तेव्हा थोडे कोमट पाणी घालावे. लोण्याचा गोळा आला की दोन-तीन वेळा थंड पाण्याने धुऊन मंद आचेवर कढवावा. कढताना आवाज येतो तो पाणी उकळल्याचा. आवाज थांबला आणि खाली बसलेली बेरी सोनेरी तांबूस झाली की उतरावे. एखादे विड्याचे पान टाकण्याची आपली रीत आहेच. राहिलेल्या बेरीत साखर घालून ती मुलांना देतात, आणि ताकाची कढी होते. बुंदेलखंडात ह्याच ताकाला मठा म्हणतात आणि त्यात धान्य शिजवून महेरी करतात. म्हणजे एका सायीतून दही, ताक, लोणी, तूप आणि बेरी असे पाच पदार्थ निघतात, आणि काहीच वाया जात नाही. सात टक्के स्निग्धांशाचे दूध धरले तर एक किलो तुपासाठी सुमारे पंधरा लिटर दूध लागते. आठवड्याची वाटीभर साय सिंकमध्ये विसळून टाकणाऱ्या घराने हा आकडा एकदा मनाशी घोळवावा.

साय तशीच खावयाची असेल तर तिचा स्वभाव ओळखून वापरावी. पोळीबरोबर साय-साखर, केळ्याच्या शिकरणात साय, काकडीच्या कोशिंबिरीला सायीचे दही, प्रवासाच्या दहीभातात दुधाबरोबर थोडी साय, म्हणजे भात लवकर आंबत नाही आणि कोरडाही पडत नाही. हे सर्व प्रकार आपल्या परिचयाचे आहेत. दशम्यांची कणीक दुधात भिजवितात. त्यात दोन चमचे साय घातली तर दशम्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. भाजीच्या रसात साय घालावयाची असल्यास ती आधी वाटीत चांगली घोटून एकजीव करावी, नाहीतर तिचे तुकडे रसावर तरंगतात आणि खाणाऱ्याला दूध नासल्याचा भास होतो.

क्रीमचा स्वभाव ह्याहून वेगळा, आणि तो सर्वस्वी त्यातील स्निग्धांशाच्या प्रमाणावर अवलंबून असतो. आपल्या देशाच्या अन्न-मानकांनुसार क्रीमचे तीन वर्ग आहेत: कमी स्निग्धांशाचे म्हणजे किमान २५ टक्के, मध्यम म्हणजे किमान ४० टक्के, आणि उच्च म्हणजे किमान ६० टक्के. ब्रिटनमध्ये नावे निराळी आहेत: 'सिंगल' क्रीम १८ टक्के, फुलविण्याचे ३५ टक्के, 'डबल' ४८ टक्के. म्हणून इंग्रजी पुस्तकातील पाककृती वाचताना नावाकडे न पाहता टक्केवारीकडे पाहावे. खोक्यावर ती छापलेली असते.

आपल्या दुकानांत सर्रास मिळते ते २५ टक्क्यांचे. हे क्रीम कितीही घुसळले तरी फुलून उभे राहत नाही. क्रीम फुलते म्हणजे काय होते? त्यात हवेचे बुडबुडे शिरतात, आणि थंडीने अर्धवट गोठलेले स्निग्धांशाचे गोलक बुडबुड्यांभोवती एकमेकांना टेकून भिंत बांधतात. भिंतीला विटा पुरेशा हव्यात. त्यासाठी स्निग्धांश ३० ते ३५ टक्के तरी लागतो. विटा कठीण हव्यात. म्हणून क्रीम, भांडे आणि घुसळणी तिन्ही गार असावी लागतात. आणि थांबावे केव्हा हे कळले पाहिजे, कारण भिंत उभी राहिल्यावरही घुसळत राहिले तर ती कोसळते आणि हातात लोणी येते. केकवर घालण्यासाठी जे पांढरे पदार्थ विकतात, त्यांतील अनेकांत दुधाचा स्निग्धांश नसून वनस्पतीचा असतो. ते फुलतात उत्तम, पण त्यांना क्रीम म्हणता येणार नाही. विकत घेताना घटकांची यादी वाचावी.

हे २५ टक्क्यांचे क्रीम रसभाज्यांना, फळांच्या फोडींना, खिरीला चांगले. परंतु टोमॅटोच्या आंबट रसात ते घालून खळखळ उकळले तर फाटते, कारण आंबटपणा आणि उष्णता एकत्र आली की प्रथिने साकळतात. स्निग्धांश जितका अधिक तितकी प्रथिने कमी आणि फाटण्याचे भय कमी. म्हणून परदेशी पाककृतीतील दाट क्रीम उकळीला टिकते आणि आपले टिकत नाही. उपाय सोपा आहे. भाजी शिजली की आच अगदी मंद करावी, रस्स्याचे दोन-तीन चमचे क्रीममध्ये मिसळून ते आधी कोमट करून घ्यावे, मग भाजीत सोडावे आणि पुन्हा उकळी येऊ देऊ नये. क्रीम हा भाजीचा आरंभ नव्हे, शेवट होय.

अग्नी आणि वजन हे दोन्ही मार्ग एकत्र करणारे पदार्थही जगात आहेत. इंग्लंडच्या डेव्हन आणि कॉर्नवॉल परगण्यांत क्रीम मंद आचेवर दीर्घकाळ तापवून निववितात. वर सोनेरी साय धरते आणि खाली घट्ट क्रीम राहते. ह्या साकळलेल्या क्रीममध्ये स्निग्धांश किमान ५५ टक्के असावा लागतो. तुर्कस्तानातील 'कायमाक' हा आपल्या मलईचा सख्खा भाऊ. अफ्योन भागात तो म्हशीच्याच दुधाचा करतात, आणि वळकटी करून कापून मधाबरोबर खातात. आपल्या लखनौची बालाईही अशीच पापुद्र्यावर पापुद्रा ठेवून होते. उलट टोकाला आहे काशीची मलइयो, जिला लखनौत निमिष आणि दिल्लीत दौलत की चाट म्हणतात: थंडीच्या रात्री उघड्यावर गार केलेले दूध पहाटे घुसळून त्याचा नुसता फेस वाडग्यात भरतात. उन्हे वर आली की तो बसतो. फुलणारे क्रीम यंत्राविना, केवळ हवेच्या जोरावर साधण्याची ही आपली युक्ती होय.

पेठेतून मलई किंवा रबडी आणताना थोडी सावधगिरी बाळगावी. दाटपणासाठी त्यांत पिठूळ द्रव्य मिसळलेले असू शकते. चमचाभर नमुना पाण्यात उकळून पूर्ण निववावा आणि त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाकावेत. निळा रंग आला तर पीठ आहे असे समजावे. रबडीत टीपकागदाचे तुकडे घालण्याची लबाडीही अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या भेसळीच्या यादीत नोंदलेली आहे. खरा लच्छा बोटांत चोळला की विरघळतो. कागदाचे तंतू मागे राहतात.

शेवटी ज्या जनावरापासून हे सर्व येते त्याच्याविषयी दोन शब्द सांगणे अगत्याचे आहे. आग्रा, इटावा, भिंड ह्या यमुना-चंबळ पट्ट्यात भदावरी नावाची म्हैस आढळते. अंगाचा रंग तांबूस, पाय गव्हाच्या काडासारखे फिकट, गळ्यावर दोन पांढऱ्या रेघा. ह्या रेघांना तेथे कंठी म्हणतात. तिचे दूध थोडे, दिवसाला चार-पाच लिटर. पण त्यात स्निग्धांश सरासरी आठ टक्क्यांच्या आसपास असतो, आणि काही म्हशींत तो तेरापर्यंत गेल्याची नोंद आहे. झाशीतच १९६२ साली स्थापन झालेल्या भारतीय चरागाह आणि चारा संशोधन संस्थेत ह्या म्हशींचा कळप जोपासून त्यांच्या सुधारणेचे काम झाले आहे. तरीही ही जात कमी होत गेली. अधिक दूध देणाऱ्या मुऱ्हा म्हशीने तिची जागा घेतली, आणि तिच्याशी संकरही झाला. ह्यात शेतकऱ्याचा दोष नाही. गिऱ्हाईक दारात फक्त लिटर मोजते, तेव्हा चार लिटर देणारी म्हैस आठ लिटर देणारीपुढे हरणारच. सहकारी संघ स्निग्धांश मोजून भाव देतात, तेथे तिला थोडी तरी दाद लागते.

म्हणून साय आणि क्रीम ह्यांतील भेद हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नाही. सायीची किंमत कळणारे घर दूध घेताना लिटराबरोबर दाटपणाही विचारते. असा प्रश्न विचारणारी घरे असतील तोवर अशी म्हैस पाळणाऱ्यालाही आधार राहतो. आपल्याकडे नातवंडांना दुधावरची साय म्हणतात, आणि दुधापेक्षा सायीला अधिक जपावे असेही म्हणतात. ही उपमा ज्या मुलाला समजावी असे वाटते, त्याने निदान एकदा तरी निवत्या दुधावर ती धरताना पाहिलेली असली पाहिजे. आज रात्री दूध तापवाल तेव्हा झाकण न घालता जाळी ठेवावी, आणि सकाळी साय काढताना मुलांना जवळ बोलवावे.